कॉम्प्युटर शिकायचंय: इंजिनिअरिंग की बीएस्सी? आधी एक मंगळवार मांडा

सीईटीचा निकाल लागला की परळच्या आमच्या घराबाहेर संध्याकाळी चपला वाढतात. मुलगा किंवा मुलगी, सोबत आई, कधी मामा. फोनवर पर्सेंटाइल उघडलेलं असतं आणि प्रश्न बहुतेक एकच असतो, "मावशी, एक्क्याण्णव आलेत. लांबच्या कॉलेजात कॉम्प्युटर मिळेल असं वाटतंय. घेऊ, की इथेच जवळ बीएस्सी करू?"

मी रुपारेलमधून गणितात बीएस्सी केलं, मग एमसीए. वडील गिरणीत होते. १९८२च्या संपानंतर आमच्या घरात इंजिनिअरिंगच्या फीचा विषय निघावा अशी स्थितीच राहिली नव्हती. धाकट्या भावाची बारावी झाली तोवर मी कमवायला लागले होते, म्हणून तो बीई कॉम्प्युटर झाला. एकाच घरातून दोन्ही वाटा गेल्या. आज मी एका बँकेच्या तंत्रज्ञान विभागात आहे, ऐरोलीला, आणि गेली बारा वर्षं नव्याने लागणाऱ्या मुलांच्या मुलाखती घेते आहे.

तेवढ्या अनुभवावर सांगते. इंजिनिअरिंग चांगलं की बीएस्सी, हा प्रश्न हवेतला आहे. या मुलीचा, या कॉलेजातला मंगळवार कसा जाईल, हे मात्र नक्की शोधता येतं. मंगळवार अशासाठी की सोमवारी सगळंच रखडलेलं असतं आणि शुक्रवारपासून फेस्टचे वारे वाहायला लागतात. मंगळवार हा कॉलेजचा खरा दिवस.

कागदाला मधोमध रेघ मारा. डावीकडे एक कॉलेज, उजवीकडे दुसरं. वर उठायची वेळ लिहा, खाली झोपायची. मधलं सगळं भरा.

माझ्या भाचीचा कागद अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. डावीकडे पनवेलच्या पुढचं एक इंजिनिअरिंग कॉलेज. सहा दहाला घर सोडायचं, परळहून कुर्ला, तिथे पूल चढून हार्बर पकडायची, पनवेलला उतरून कॉलेजची बस. नऊला पहिलं लेक्चर, साडेचारला प्रॅक्टिकल संपणार, घरी यायला सव्वासात. उजवीकडे दादरचं डिग्री कॉलेज. साडेसात ते साडेबारा, आणि एकला घरी जेवायला. डावीकडे रिकामे राहिले दोन तास, तेही दमलेले. उजवीकडे सहा-सात तास, ताजे.

इथे बहुतेक पालक म्हणतात, म्हणजे बीएस्सीच बरं. थांबा. पुढचा प्रश्न विचारल्याशिवाय हा कागद अर्धाच आहे. ते सहा तास ही मुलगी कशात घालवेल? भाचीने बारावीच्या सुट्टीत स्वतःहून पायथॉन शिकून वडिलांच्या दुकानाच्या उधारीचा हिशेब ठेवणारा एक छोटा प्रोग्रॅम लिहिला होता. तिचे सहा तास वाया जाणार नव्हते. पण आमच्याच इमारतीतला एक मुलगा असाच मोकळा वेळ बघून बीएस्सीला गेला आणि दुसऱ्या वर्षापर्यंत दुपारी चारला उठायला लागला. तो बुद्धीने कमी नाही. त्याला कोणीतरी आठवड्याला सबमिशन मागणारं, व्हायवा घेणारं, जर्नलवर सही करायला अडवणारं हवं होतं. तो इंजिनिअरिंगमध्ये तरला असता. आईवडिलांना आपलं मूल यातलं कोणतं हे बहुधा ठाऊक असतं, फक्त निकालाच्या गडबडीत कोणी विचारत नाही.

शिकवतात काय, ते बघा

बीई कॉम्प्युटर म्हणजे पहिल्या दिवसापासून कॉम्प्युटर, असं समजून मुलं जातात. पहिलं वर्ष जवळजवळ सगळ्या शाखांना सारखं असतं. गणित, फिजिक्स, केमिस्ट्री, मेकॅनिक्स, बेसिक इलेक्ट्रिकल, ड्रॉइंग आणि वर्कशॉप. भावाच्या फायलिंगच्या जॉबची मला चांगली आठवण आहे. तळहाताएवढा लोखंडाचा तुकडा, त्याच्या कडा कानशीने घासून काटकोनात आणायच्या. मग ट्राय स्क्वेअर लावून तो उजेडाकडे धरायचा. पट्टी आणि लोखंड यांच्या फटीतून प्रकाशाची रेघ दिसली की पुन्हा घासायचं. तीन आठवडे त्याच्या बोटांना फोड होते. तो मात्र खुशीत होता, कारण त्याला हाताने काही बनवायला आवडतं. आईने तो तुकडा अजून ठेवलाय, लोणच्याच्या बरणीवर वजन म्हणून. त्याच्याच वर्गातल्या एका हुशार मुलाला ड्रॉइंग आणि मेकॅनिक्सची केटी लागली, म्हणजे ते विषय नापास होऊन मागे राहिले, आणि ती सुटता सुटता तिसरं वर्ष आलं. हे विषय वाईट नाहीत. पण आपल्या मुलाचं एक अख्खं वर्ष यात जाणार आहे हे त्याला आधी सांगा आणि त्याचा चेहरा बघा.

बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स किंवा आयटीला पहिल्या सत्रापासून प्रोग्रॅमिंग असतं. पुढे डेटा स्ट्रक्चर्स, डेटाबेस, ऑपरेटिंग सिस्टिम, नेटवर्क हे विषय दोन्हीकडे आहेत आणि खरं कॉम्प्युटर शास्त्र तेच आहे. फरक खोलीचा असतो. इंजिनिअरिंगला गणित चार सत्रं पाठ सोडत नाही, अल्गोरिदमचं विश्लेषण आणि थिअरी ऑफ कॉम्प्युटेशनसारखे विषय अभ्यासक्रमातच असतात. आयटीच्या काही अभ्यासक्रमांत त्याऐवजी साधनं जास्त येतात, आज चालतं ते सॉफ्टवेअर, उद्या चालेल ते. साधनं बदलतात, म्हणून बीएस्सी निवडताना अभ्यासक्रमाची पीडीएफ उघडून त्यात डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स, संख्याशास्त्र आणि लिनिअर अल्जिब्रा शोधा. नसेल, आणि एनईपीमुळे, म्हणजे नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणामुळे, आता मायनर म्हणजे जोडीचा दुय्यम विषय घेता येत असेल, तर मायनर गणित किंवा संख्याशास्त्र घ्या. हा आग्रह मी प्रत्येकाला करते. गणिताची बीएस्सी मला जी पुरली ती याच गोष्टीमुळे.

आणि विज्ञान शाखा म्हणजे दुय्यम, हा समज आपल्या मुंबईत तरी राहू नये. भारतात घडवलेला पहिला मोठा संगणक, टिफ्रॅक, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तयार झाला. १९६० मध्ये तो चालू झाला आणि १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याला नाव दिलं. मूलभूत विज्ञानाच्या त्या संस्थेत विज्ञान आणि इंजिनिअरिंग अशा दोन्ही बाजूंची माणसं त्या यंत्रावर राबली.

कॉलेजात जाऊन या, तेही कामाच्या दिवशी

हे सगळ्यात महत्त्वाचं आणि हेच कोणी करत नाही. प्रवेशाच्या दिवशी सगळी कॉलेजं चकचकीत असतात. मंगळवारी दुपारी अडीच-तीनला जा. आधी कॉम्प्युटर लॅबकडे चला. मशीन किती आहेत ते मोजू नका, चालू किती आहेत ते मोजा. एका मशीनवर दोघं बसलेत की चौघं? शिक्षक मुलांमध्ये फिरताहेत की दाराशी हजेरी भरताहेत?

भाचीबरोबर मी एका इंजिनिअरिंग कॉलेजात गेले होते. समुपदेशक बाईंनी आम्हाला एसी सेमिनार हॉल दाखवला, वाय-फायचा वेग सांगितला. लॅब बघू म्हटल्यावर कळलं की चावी शिपायाकडे आहे आणि तो जेवायला गेलाय. वाजले होते पावणेतीन, तेही वेळापत्रकात प्रॅक्टिकल असताना. आम्ही अर्धा तास थांबलो. दार उघडलं तेव्हा आत खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवलेल्या होत्या आणि कीबोर्डवर बोट फिरवलं तर रेघ उमटली. भाची काही बोलली नाही, तिने फक्त स्वतःचं बोट मला दाखवलं. मला तेव्हा फार वाईट वाटलं, कारण त्याच सकाळी तिथे तिच्यासारखी पन्नास मुलं पहिल्या हप्त्याचे पैसे भरून गेली होती.

तिसऱ्या वर्षाच्या एखाद्या विद्यार्थ्याला कँटीनमध्ये गाठा आणि प्रेमाने विचारा, "जर्नल दाखवशील का?" दोघातिघांची जर्नलं सारखीच असतील, आउटपुटवरची तारीखसुद्धा तीच, तर प्रॅक्टिकल कसं होतं ते समजलं. मग विचारा, डेटा स्ट्रक्चर्स गेल्या वर्षी कोणी शिकवलं आणि ते सर किंवा मॅडम अजून आहेत का? तासिका तत्त्वावरचे शिक्षक वाईट नसतात, काही तर उत्तम असतात. पण दर सत्राला नवा माणूस येत असेल तर विषयाची साखळी तुटते. शिकवणारा टिकलाय की नाही, एवढा एक प्रश्न माझ्या मते इमारतीपेक्षा आणि जाहिरातीतल्या सर्वोच्च पगाराच्या आकड्यापेक्षा जास्त सांगतो.

इंजिनिअरिंगसाठी आणखी एक विचारा. २०२४-२५ पासून एआयसीटीईने, म्हणजे तंत्रशिक्षणावर देखरेख करणाऱ्या केंद्रीय परिषदेने, एका शाखेत किती जागा असाव्यात यावरची वरची मर्यादा काढली. त्यानंतर बऱ्याच कॉलेजांनी कॉम्प्युटरच्या आणि एआय-डेटा सायन्स अशा नावांच्या तुकड्या वाढवल्या. जागा वाढल्या तसे शिक्षक आणि लॅब वाढल्या का? तुकड्या किती आणि पूर्णवेळ शिक्षक किती, हे दोन आकडे मागा. शाखेच्या नावात एआय आहे की नाही, यावर जीव टाकू नका. पायाचे विषय तेच असतात.

पैशांचं

भाचीला मिळू शकत होतं त्या कॉलेजची फी वर्षाला १ लाख ६० हजार. चार वर्षांचे झाले ६ लाख ४० हजार, कॉलेजची बस वेगळी. डिग्री कॉलेजची विनाअनुदानित तुकडीची फी ४० हजारांच्या आसपास, तीन वर्षांची १ लाख २० हजार. पण बीएस्सीनंतर एमसीए करायचं तर आणखी दोन वर्षं आणि त्यांची फी धरा. माझ्या वेळी एमसीए तीन वर्षांचं होतं, २०२० पासून ते दोन वर्षांचं झालं. म्हणजे पाच वर्षांचा हिशेब चार वर्षांच्या हिशेबाशेजारी ठेवायचा.

सवलती नीट बघा. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेत शिक्षण शुल्काची अर्धी रक्कम मिळते. २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, उत्पन्नाची हीच मर्यादा पाळून, व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. याशिवाय टीएफडब्ल्यूएसच्या थोड्या जागा असतात, तिथे शिक्षण शुल्क लागत नाही, पण कटऑफ खूप वर जातो. या सवलतींसाठी प्रवेश कॅप, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, फेरीतून झालेला असावा लागतो. मॅनेजमेंट कोट्यातून गेलात तर हे दार बंद. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, लागू असेल तर नॉन-क्रीमी लेयर आणि जात वैधता ही कागदपत्रं बारावीच्या परीक्षेआधीच काढून ठेवा. निकालानंतर सेतू कार्यालयाबाहेरची रांग बघून रडकुंडीला आलेल्या आया मी दरवर्षी बघते.

एक गोष्ट मी हात जोडून सांगते. साधारण कॉलेजातल्या मॅनेजमेंट सीटसाठी कोकणातली जमीन विकू नका, आजीच्या पाटल्या गहाण टाकू नका. व्हीजेटीआय किंवा सरदार पटेलसारखं कॉलेज कॅपमधून मिळत असेल आणि फी अडत असेल तर जरूर कर्ज काढा. तिथे शेजारच्या बाकावर बसणारी मुलंच तुमच्या मुलाला वर खेचतात. पण व्हीजेटीआयच्या कॉम्प्युटरला खुल्या वर्गातून ९९च्याही वर पर्सेंटाइल लागतं. नव्वदीच्या आत-बाहेर असणाऱ्या मुलाची तुलना त्या कॉलेजशी नसते, ती हाताशी येणाऱ्या दोन कॉलेजांमध्ये असते, आणि तिथे चांगलं डिग्री कॉलेज कित्येकदा सरस ठरतं. झेविअर्स, सायनचं एसआयईएस, मुलुंडचं वझे, दादरचं कीर्ती ही नुसती वडापावसाठी किंवा फेस्टसाठी ओळखायची कॉलेजं नाहीत, तिथल्या लॅबमध्येही मंगळवारी डोकावून या.

नोकरीच्या दारात

इथे मी गोड बोलणार नाही. पहिल्या नोकरीला इंजिनिअरिंगच्या मुलाला दारं जास्त उघडी असतात. अनेक कंपन्या कॅम्पसला येताना बीई-बीटेक अशीच अट घालतात, वर दहावीपासून ६० टक्के आणि चालू केटी नको. बीएस्सीवाल्यांसाठी मोठ्या कंपन्यांची भरती वेगळी असते. टीसीएसची इग्नाइट, विप्रोची विल्प ही त्यातली ठळक नावं, आणि विल्पमध्ये तर नोकरी करता करता एमटेक करता येतं. सुरुवातीचा पगार बहुधा कमी असतो. दोन-तीन वर्षं काम झालं, किंवा मध्ये एमसीए झालं, की हा फरक बराचसा पुसला जातो. भाऊ आणि मी आज सारख्याच टप्प्यावर आहोत.

मुलाखतीच्या खोलीत मात्र मी पदवी बघत नाही. मी कोरा कागद आणि पेन्सिल देते. दोन टेबलं काढून दाखवते, एक ग्राहकांचं, एक खात्यांचं, आणि म्हणते, ज्या ग्राहकांचं एकही खातं नाही त्यांची यादी काढ. मोठी गोष्ट नाही, दोन टेबलं जोडायची लेफ्ट जॉइन नावाची रीत आली की झालं. सीजीपीए चांगला असलेली कित्येक मुलं इथे अडतात, कारण त्यांनी ती क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारायचा प्रश्न, फक्त जर्नलमध्ये उतरवलेली असते. दोन वर्षांपूर्वी एका बीएस्सी आयटीच्या मुलीने पेन्सिल हातात घेतली, लिहायच्या आधी थांबली आणि विचारलं, "मॅडम, खातं उघडून नंतर बंद केलं असेल तर त्याला खातं नाही असं धरायचं का?" बँकेत आम्ही याच प्रश्नावर बैठका घेतो. पुढची क्वेरी तिने चुकवली असती तरी मी तिला घेतलं असतं.

परदेश डोक्यात असेल तर आत्ताच बोला. अमेरिकेतली अनेक विद्यापीठं मास्टर्ससाठी सोळा वर्षांचं शिक्षण मागतात. बारावी अधिक तीन वर्षं म्हणजे पंधराच. बीई केलं की सोळा होतात. बीएस्सीला आता एनईपीखाली चौथं ऑनर्सचं वर्ष घेता येतं, पण तुमच्या कॉलेजात कॉम्प्युटरचं चौथं वर्ष प्रत्यक्ष सुरू आहे का ते विचारून घ्या. आणि बीएस्सीला जाऊन मन बदललं तर वाट बंद होत नाही, बारावीला गणित असलेला बीएस्सी पदवीधर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करू शकतो. एमटेकच्या प्रवेशासाठीची गेटची परीक्षाही देता येते.

समोरच्या इमारतीतली एक मुलगी वेगळ्याच प्रश्नाने आली होती. तिला कॉम्प्युटर हवंय आणि मानसशास्त्रही सोडायचं नाही. अशा मुलांना लिबरल आर्ट्सचं शिक्षण मानवतं. सोनीपतची अशोका, पुण्याची फ्लेम इथे कॉम्प्युटर मुख्य विषय ठेवून इतर विषय सोबत घेता येतात. फी मोठी आहे, म्हणून त्यांच्या आर्थिक मदतीचा अर्ज प्रवेशाच्या अर्जासोबतच भरायचा. तिच्या वडिलांना वाटत होतं की आर्ट्सचा शिक्का बसला की कॉम्प्युटर कच्चं राहणार. त्यांना मी बर्कलीचं उदाहरण दिलं. तिथे वर्षानुवर्षं कॉम्प्युटर सायन्स इंजिनिअरिंगच्या कॉलेजातूनही करता यायचं आणि लेटर्स अँड सायन्सच्या कॉलेजातून बीए म्हणूनही. कॉम्प्युटरचे वर्ग तेच, बाजूचे विषय वेगळे. आणि ज्याला नुसत्या गणिताचंच वेड आहे, त्याने चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटची गणित आणि कॉम्प्युटर सायन्सची बीएस्सी ऑनर्स जरूर बघावी. प्रवेश परीक्षा कठीण आहे, तयारी अकरावीपासून लागते.

अर्ज भरताना

दोन्हीकडे अर्ज करा. डिग्री कॉलेजांच्या मेरिट लिस्ट कॅपच्या आधी लागून जातात, तेव्हा मुंबई विद्यापीठाची प्रवेशपूर्व नोंदणी आणि कॉलेजचा फॉर्म बारावीचा निकाल लागताच भरून टाका. तिथली जागा हातात असली की कॅपच्या वेळी घाबरून कुठलंही नाव टाकलं जात नाही.

कॅपच्या यादीत क्रम खरा लावा. २०२५ मध्ये चार फेऱ्या झाल्या आणि नियम असा होता की पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं तर ते पक्कं, दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनातलं, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहातलं मिळालं तरी पक्कं. पक्कं झालं की पुढच्या फेरीला जाता येत नाही. ज्या कॉलेजात मंगळवार काढायची तयारी नाही ते नाव यादीत वर तर नकोच, खालीही नको. त्या वर्षीची माहिती पुस्तिका स्वतः वाचा, सायबर कॅफेवाल्यावर सोडू नका.

भाचीने शेवटी दादर घेतलं. संख्याशास्त्र मायनर आहे, दुपारी दोन ते पाच ती माझ्या जुन्या टेबलावर बसते. तिच्या वर्गातल्या दोघी मैत्रिणी वाशीला इंजिनिअरिंगला गेल्या आणि त्याही मजेत आहेत, वाशीचं ते कॉलेज आम्ही पाहिलं होतं आणि मला ते आवडलं होतं.

माझ्याकडे यायचं असेल तर रविवारी सकाळी दहानंतर मी घरीच असते. येताना मुलाला घेऊन या, आणि तो मधोमध रेघ मारलेला कागद भरून आणा, दोन्ही कॉलेजं बघून आल्यावर.